बोरगांवचा अनुस्वार

स्लाइड हातात आली की माणूस आधी तिच्यावर फुंकर मारतो. हे कुणी शिकवावं लागत नाही. चुलीवर, पोळलेल्या बोटावर, पोराच्या सोललेल्या गुडघ्यावर, दुधावरच्या सायीवर आपण जन्मभर फुंकर मारत आलेलो असतो. मग दोन इंची पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या त्या इवल्याशा रंगीत चित्रालाच ती का नको? फुंकरीपाठोपाठ शर्टाचा सोगा येतो, सोग्यापाठोपाठ खिडकीचा उजेड आणि एक मिटलेला डोळा. एवढे संस्कार झाले की स्लाइड स्कॅनरच्या तोंडात जाते. पडद्यावर चित्र उमटतं तेव्हा आकाशात कुणी वाळू पेरल्यासारखी दिसते, झाडाच्या सावलीत लाल-हिरव्या मुंग्या वळवळतात, आणि मधोमध एक काळा केस आडवा पडलेला असतो. "ग्रेन फार आहे हो. जुनी फिल्म," असा निकाल लागतो. आरोपी बोलू शकत नसला की निकाल लवकर लागतात. जुन्या फिल्मच्या नावावर टाकलेल्या या गुन्ह्यांपैकी बहुतेक तिनं केलेले नसतात, आणि जो एक तिनं केलेला असतो तो गुन्हाच नसतो, एवढंच इथं म्हणायचं आहे. पण ते म्हणायला जरा लांबून, बोरगावावरून यावं लागेल.

बोरगाव बेळगाव जिल्ह्यातलं, निपाणी तालुक्यातलं. सरकारी कागद कन्नडमध्ये येतो आणि घरात तो मराठीत वाचून दाखवला जातो, अशा पट्ट्यातलं. एका अंगाला निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, दुसऱ्या अंगाला हद्दीपलीकडे इचलकरंजीचे माग, आणि भोवती दूधगंगेच्या पाण्यावर उभा असलेला ऊस. अशा गावच्या हवेला स्वतःचा पोत असतो. तंबाखू चाळताना उडणारी भुकटी घशाला आधी कळते आणि डोळ्यांना नंतर. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला १९०४ साली. तेव्हापासून कापसाचे बारीक तंतू या परिसरातल्या माणसांच्या केसांतून, कपड्यांतून घरोघर फिरताहेत. आणि ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवलं की काळ्या राखेच्या पापड्या वाळत घातलेल्या धोतरांवर येऊन बसतात. तेव्हा इथल्या कपाटातल्या स्लाइडवरची धूळ ही नुसती धूळ नाही, तिला घराणी आहेत. चांगल्या स्कॅनमध्ये ती ओळखू येतात. कापसाचा तंतू वेटोळं घालून बसतो, राखेच्या पापडीच्या कडा फाटक्या असतात, भुकटीचे कण टोकदार आणि एकट्यादुकट्यानं विखुरलेले. स्लाइडवर ही सगळी मंडळी काळी दिसतात, कारण स्लाइड हे सुलटं चित्र, आणि उजेड अडला की तिथं काळोख पडतो. निगेटिव्हवर हीच धूळ शेवटी पांढरी होते. एवढ्याशा फरकावरूनही खूप कळतं: स्लाइडच्या स्कॅनमध्ये पांढरा ठिपका दिसला तर ती वरून पडलेली धूळ नव्हे, तिथला रंगाचा थरच खरवडला गेलेला असण्याचा संभव मोठा.

स्लाइड म्हणजे काय, हे आता दोन पिढ्यांना सांगावं लागतं. थिएटरात सिनेमाआधी दुकानांच्या जाहिराती दाखवत त्या काचेच्या स्लाइड अनेकांना आठवतात. इथं चाललेली गोष्ट त्यांच्या धाकट्या बहिणीची, पस्तीस मिलिमीटरच्या रंगीत फिल्मची. निगेटिव्हवरून हवे तितके फोटो काढता येतात, पण स्लाइडमध्ये कॅमेऱ्यातून गेलेली फिल्मच शेवटचं चित्र होते. तिला दुसरी प्रत नसते. शेतकी खात्याची व्याख्यानं, कॅलेंडरांची आणि मासिकांच्या मुखपृष्ठांची छपाई, अमेरिकेत गेलेल्या काकांचे गोल डब्यांत भरलेले बर्फाचे फोटो, हे सगळं तिच्यावर चाले. कोडॅक्रोमच्या स्लाइडा १९३६ पासून मिळू लागल्या आणि २००९ मध्ये ती फिल्म बंद झाली; तिच्यावर प्रक्रिया करणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी होती, तिनंही २०१० च्या अखेरीस हे काम घेणं थांबवलं. आपल्याकडे पूर्व जर्मनीतली ओर्वो बरीच आली. हा इतिहास लांबवण्यात अर्थ नाही. लक्षात ठेवायचं ते इतकंच की डब्यातली प्रत्येक स्लाइड एकुलती एक आहे, आणि तिच्यावर फुंकर मारताना आपण मूळ दस्तऐवजावर फुंकर मारत असतो. तोंडातल्या वाफेबरोबर थुंकीचे तुषार जातात, ते जिलेटिनवर सुकतात, आणि डाग होऊन बसतात. रबरी फुग्याचा ब्लोअर दोनअडीचशे रुपयांना मिळतो. त्याला तोंड असतं, पण थुंकी नसते.

आता ग्रेन. हा शब्द स्टुडिओत इतका सैल वापरतात की त्यात चार वेगळ्या वस्तू मावतात. खरा ग्रेन म्हणजे फिल्मच्या पोटातला कण. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक जिलेटिनमध्ये रोवलेले असतात, उजेड पडलेल्या स्फटिकांची पहिल्या रसायनात चांदी होते, आणि उरलेल्या प्रत्येक स्फटिकाभोवती पुढच्या रसायनात रंगाचा एक लहानसा ढग तयार होतो. पुढच्या पायरीला सगळी चांदी धुऊन काढतात. म्हणजे रंगीत स्लाइड तयार होते तेव्हा तिच्यात चांदी उरलेलीच नसते. उरतात ते निघून गेलेल्या चांदीच्या जागी राहिलेले ढग. ते काही मायक्रॉनांचे असतात, एकमेकांवर रेलून बसलेले असतात, आणि आपण ज्याला ग्रेन म्हणतो तो या ढगांच्या दाटीतला असमानपणा. भिंगातून पाहिलं तर तो मऊ दिसतो, सायीसारखा. वाळूसारखा दिसला तर कुणीतरी मध्ये हात घातलेला आहे.

हात कुणाचा, हे शोधायला भारी उपकरण लागत नाही. उजेडाच्या पेटीवर स्लाइड ठेवून दहापट मोठं दाखवणारं भिंग लावायचं. भिंगात आकाश मऊ आणि स्कॅनमध्ये वाळूचं असेल तर फिल्म निर्दोष सुटली. इंचाला ४००० ठिपके मोजणारा स्कॅनर साधारण सव्वासहा मायक्रॉनच्या चौकोनानं चित्र मोजतो, २७०० मोजणारा साडेनऊच्या आसपास. ढगांचा आकार आणि चौकोनांचा आकार असे जवळजवळ आले की दोघांत झुंज लागते. तलम कापडाचे दोन पदर एकमेकांवर धरून उजेडाकडे पाहिलं तर लाटांची नक्षी दिसते. ती ना या पदरात असते ना त्या. इचलकरंजीच्या मागावर काम करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. स्कॅनमधला भरड ग्रेन पुष्कळदा असाच दोन जाळ्यांच्या भेटीतून जन्मतो. त्यावर स्कॅनरनं आपण होऊन धार लावली, म्हणजे शार्पनिंगचं बटण चालू राहिलं, की मऊ ढगांचे खडे होतात. ते बटण बंद करावं, स्कॅन जास्तीत जास्त खऱ्या क्षमतेला करावा आणि मग हवा तर लहान करावा. उलट्या क्रमानं गेलं की वाळू कायमची. खोक्यावर छापलेला आकडा आणि खरी क्षमता यांतही अंतर असतं. सपाट काचेचे घरगुती स्कॅनर खोक्यावर जे सांगतात त्याच्या निम्मंही तपशिलात उतरत नाहीत, याची ज्यांनी चाचणी घेतली त्यांना सवय झालेली आहे.

सावलीतल्या मुंग्यांचं प्रकरण वेगळं आहे. स्लाइडचे गडद भाग इतके दाट असतात की त्यांच्यातून उजेडाचा हजारावा हिस्साही धड पलीकडे पोचत नाही. तिथं स्कॅनरचा डोळा अंधारात चाचपडतो आणि दिसत नाही ते स्वतःच्या कुरकुरीनं भरतो. ही यंत्राची कुरकूर. तिची ओळख पटवायला एक सोपी युक्ती पुरते: तीच स्लाइड, न हलवता, दोनदा स्कॅन करायची आणि दोन्ही चित्रं एकाच जागी मोठी करून शेजारी ठेवायची. जे ठिपके दोन्हीकडे एकाच जागी आहेत ते स्लाइडवर आहेत. जे जागा बदलतात ते यंत्राचे. जागा बदलणाऱ्यांना घालवण्याचा मार्ग प्रामाणिक आहे. चार स्कॅनची सरासरी काढली की ते निम्म्यावर येतात, सोळांची काढली की चौथाईवर. यात चित्रातलं काही खरवडावं लागत नाही, कारण जे चित्रात नव्हतंच ते वजा होतं. तिसरी युक्ती यापुढची: ब्लोअरनं स्लाइड साफ करून पुन्हा स्कॅन करायचं. जे गेलं ते धूळ. आणि वेगळीच स्लाइड घातली तरी त्याच जागी जे राहतं, ती धूळ स्लाइडवर नसून यंत्राच्या काचेवर आहे. वाचणाऱ्या पट्टीवर बसली असेल तर तिची रेघच उमटते, चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. एवढ्या तपासणीला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांचा आळस म्हणून आपण सॉफ्टवेअरमधलं ग्रेन घालवण्याचं बटण दाबतो, आणि ते बटण धूळ, कुरकूर, ढग सगळ्यांना एका चाळणीतून घालून भिंतीला ऑइलपेंट दिल्यासारखं चित्र परत करतं.

हाताळणीचे घाव मात्र स्लाइडवरच असतात, आणि त्यातला सगळ्यात वाईट पाण्याचा. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा यांनी २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये या भागात काय केलं ते सांगायला नको. पूर ओसरल्यावर लोक गाद्या, धान्य, जनावरं बघतात. फोटोंच्या डब्याची पाळी सगळ्यांत शेवटी येते आणि तोवर डबा उन्हात ठेवलेला असतो. घात होतो तो उन्हात. भिजलेलं जिलेटिन फुगून लिबलिबीत होतं, आणि एकावर एक ठेवलेल्या स्लाइडा तशाच सुकल्या की त्या पुन्हा सुट्या होत नाहीत. त्यापेक्षा त्या थंड स्वच्छ पाण्यात ओल्याच ठेवून, दोन दिवसांच्या आत एकेक सुटी करून सावलीत वाळवणं बरं. बुरशीचं याच्या अगदी उलट. जिलेटिन हे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेलं अन्न आहे, आणि पावसाळ्यातल्या दमट कपाटात बुरशीला ते मेजवानीसारखं लाभतं. बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. म्हणून बुरशी दिसली की ओलं फडकं वर्ज्य, तिथं फिल्म पुसायचं पाणी नसलेलं द्रावणच चालतं. पुराच्या स्लाइडला पाण्यात ठेवा आणि बुरशीच्या स्लाइडला पाणी दाखवू नका, हा सल्ला ऐकायला विचित्र वाटतो, पण दोन्ही एकाच कारणातून येतात. आणि पुराचा बारीक गाळ जिलेटिनमध्ये रुतून बसला की पडद्यावर तो हुबेहूब ग्रेनसारखा दिसतो. इथंही आरोप फिल्मवरच होतो. गाळावर होत नाही, नदीवर तर नाहीच.

चौकटीकडेही बघायला हवं. फिल्म वाकलेली असते म्हणून तिला चौकटीतून काढून दोन काचांत दाबून स्कॅन करण्याची पद्धत आहे, कारण वाकलेल्या फिल्मचे कोपरे धूसर येतात. काचेत दाबलं की फिल्मचा चकचकीत भाग काचेला टेकून तेलाच्या तवंगासारखी वलयं उमटतात, तो एक त्रास. पण मोठा तोटा वेगळा. पुठ्ठ्याची चौकट टोपलीत जाते आणि तिच्यावर पेनानं लिहिलेलं सगळं तिच्याबरोबर. प्रयोगशाळेनं उठवलेला महिना-वर्षाचा शिक्का चौकटीवर असतो. आणि सीमाभागात पत्ता लिहिण्याची पद्धतही साक्ष देते. कुणी "म्हैसूर राज्य" असं लिहिलं असेल तर ते बहुधा १ नोव्हेंबर १९७३ च्या आधीचं, कारण त्या दिवशी राज्याचं नाव कर्नाटक झालं; "मुंबई राज्य" असेल तर १९५६ च्या मागे जावं लागेल. बहुधा म्हटलं, कारण माणसं जुनं नाव सहजासहजी सोडत नाहीत. तेव्हा चौकटीचाही एक फोटो काढून ठेवावा, आणि मगच तिला हात लावावा.

पण ग्रेन ठेवायचा कशासाठी? कण म्हटलं की कॅमेऱ्याच्या इंग्रजी भाषेत दोष ऐकू येतो, मराठीत तसं नाही. गूळ कणीदार असला तर त्याला भाव. तूप रवाळ असलं तर ते घरचं. या भागातला शेतकरी तर ठिपक्यांना आणखी मानतो: विडीच्या तंबाखूच्या पानावर विटकरी ठिपके उमटले की पान पक्व झालं, असं समजतात; गुळगुळीत हिरवं पान तोडणारा नवखा. बाहेरच्या माणसाला तोच ठिपका कीड वाटेल. दाखल्यानं सिद्ध काही होत नाही, हे मान्य. गूळ वेगळा, फोटो वेगळा. पण ठिपका दिसला की तो काढायचाच असतो, या समजुतीला एवढ्यानं तडा जायला हरकत नाही.

सिद्ध करायचंच झालं तर एक पाटी घेऊ. समजा, बोरगावच्या बाजारपेठेची एक जुनी स्लाइड आहे आणि तिच्यात एका दुकानावर पाटी आहे: भांडी मिळतील. रंगाऱ्यानं भा वर अनुस्वार दिला आहे, दोन सेंटिमीटरचा. कॅमेरा तीस मीटरवर आहे, पन्नास मिलिमीटरची नेहमीची लेन्स लावलेली. हिशेब सोपा आहे: फिल्मवर तो अनुस्वार साधारण तेहतीस मायक्रॉनांचा उमटणार, म्हणजे चांगल्या स्कॅनमध्ये पाच चौकोनांचा. तंबाखूच्या भुकटीचा कणही याच मापाचा असू शकतो. आता धूळ काढण्याचं सॉफ्टवेअर चालवा, ते डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रावरूनच ठरवणारं असेल तर त्याचा नियम एकच: आजूबाजूशी न जुळणारा लहान ठिपका म्हणजे घाण. अनुस्वार जातो. भांड्यांचं दुकान भाड्याचं होतं. सहकारी संघाचा सघ होतो, तंबाखूचा तबाखू. गंमत अशी की शेजारची कन्नड पाटी वाचते, कारण कन्नडमध्ये अनुस्वार अक्षराच्या पुढे चांगलं टपोरं वर्तुळ होऊन बसतो आणि त्याला धूळ म्हणायला सॉफ्टवेअर धजत नाही. यात कुठल्याही सरकारचा हात नाही, हे इथल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगितलेलं बरं.

आणि खुद्द गावाचं नाव. जुन्या पाट्यांवर ते बोरगांव असं, गा वर टिंब देऊन लिहिलेलं असे. उच्चारात नसलेले असे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकले. नांव, कांहीं, गांव यांच्या डोक्यावरची टिंबं उतरली. म्हणजे पाटीवर टिंब असणं ही वयाची खूण आहे. कच्ची खूण, कारण रंगारी नियमपुस्तक बघून ब्रश धरत नाही, आणि गांव अजूनही कितीतरी ठिकाणी दिसतं. पण कच्चा पुरावाही पुरावाच असतो, दुसऱ्या पुराव्याशी जुळला की पिकतो. धूळ काढणारं बटण तो पिकण्याआधीच खुडतं. शुद्धलेखनाचे नियम ठरवणाऱ्यांना जे करायला वर्षानुवर्षं चर्चा कराव्या लागल्या ते हे बटण एका सेकंदात करतं, तेही मागच्या तारखेनं.

यावर तंत्र जाणणारा माणूस म्हणेल की हे दुखणं जुनं, औषध निघालेलं आहे. खरं आहे. चांगले फिल्म स्कॅनर चित्राबरोबर एक अवरक्त किरणांचा स्कॅनही घेतात. रंगीत फिल्मचे रंग त्या किरणांना जवळजवळ पारदर्शक असतात, धूळ आणि ओरखडे मात्र त्यांना अडवतात. त्यामुळे अनुस्वार त्या स्कॅनमध्ये दिसत नाही आणि भुकटी दिसते. अनुस्वार वाचला. ही युक्ती देखणी आहे आणि ती वापरावी. पण तिला दोन ठिकाणी ठेच लागते. कोडॅक्रोमचा निळसर रंग अवरक्त किरणांनाही थोडा अडवतो, म्हणून तिथं यंत्र गडद भागाला धूळ समजून तपशील पुसू लागतं. आणि काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी उरलेली असते, चांदी किरण अडवते, तेव्हा यंत्राला सगळं चित्रच धुळीचं दिसतं.

ही दुसरी अडचण निपाणीच्या बाबतीत पुस्तकी नाही. शेतकरी संघटनेच्या तंबाखू आंदोलनात १९८१ च्या एप्रिलमध्ये निपाणीला गोळीबार झाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरच्या वर्षी, १९८२ मध्ये, युगांतर या गटानं निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर एक माहितीपट केला; दीपा धनराज त्या गटात होत्या, कॅमेरा नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा. टोबॅको एम्बर्स या इंग्रजी नावानं तो बाहेर ओळखला जातो. सोळा मिलिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर केलेल्या या माहितीपटाचं डिजिटल जतन पुढे बर्लिनच्या आर्सेनल संस्थेत झालं. सोळा मिलिमीटरची चौकट स्लाइडच्या साधारण अकराव्या हिश्शाएवढी, त्यामुळे पडद्यावर तिचा कण मोठा दिसणारच. आणि विषय काय, तर तंबाखूच्या वखारी, जिथल्या हवेतच भुकटी. अशा चित्रात चांदीचा कण कुठला, फिल्मवर बसलेली धूळ कुठली, आणि बाईच्या श्वासात जाणारी, त्या दिवशी खरोखर हवेत असलेली तंबाखू कुठली, हे कुठलं बटण सांगणार? तिथं माणूस बसवावा लागतो, आणि त्यानं एकेक चौकट बघावी लागते. सगळं गुळगुळीत करणाऱ्यानं वखारीची हवा स्वच्छ केलेली असेल. तसं प्रत्यक्षात झालं असतं तर त्या स्त्रियांनी आनंदानं करून घेतलं असतं.

घरगुती आक्षेप अधिक जड आहे. माणसांना आजीचा चेहरा बघायचा असतो, पुरावा नको असतो. आजीच्या गालावर वाळू का ठेवायची? अजिबात ठेवू नये. आधी ती वाळू फिल्मची आहे की यंत्राची ते बघावं, यंत्राची असेल तर काढावी, आणि उरलेल्या मऊ कणांनीही कुणाला त्रास होत असेल तर बघायच्या प्रतीत तेही पुसावेत, ओरखडे बुजवावेत, लाल पडलेले रंग सावरावेत. त्या प्रतीचं नाव वेगळं ठेवावं आणि न पुसलेला स्कॅन बाजूला जपावा, एवढीच अट. जागेची सबब आता टिकत नाही: एका स्लाइडचा पूर्ण क्षमतेचा स्कॅन सुमारे १३० एमबीचा होतो, पाचशे स्लाइडा १२८ जीबीच्या पेनड्राइव्हचा निम्मा भाग खातात. वेळाची सबब खरी आहे. पाचशे स्लाइडांना नीट हात लावायचा तर पावसाळा जातो. मग सगळ्या करू नयेत. पन्नास निवडाव्यात आणि बाकीच्या कोरड्या डब्यात, ज्यांचं प्लॅस्टिक वास मारत नाही अशा पाकिटांत ठेवाव्यात. घाईनं केलेल्या पाचशेंपेक्षा न केलेल्या साडेचारशे सुरक्षित असतात.

फोटोग्राफरलाच ग्रेन नको होता, त्याला जमलं असतं तर त्यानंच काढला असता, असंही म्हणतात. या म्हणण्यात तथ्य दिसतं पण ते पुरतं टिकत नाही. त्यानं दुकानात जाऊन मंद फिल्म घेतली की वेगवान, हे त्याचं होतं. मंद फिल्म बारीक कणांची, तिला ऊन लागतं. वेगवान फिल्म भरड, ती मांडवाच्या आत, संध्याकाळच्या आरतीला चालते. भरड कण बघून आज कळतं की उजेड कमी होता आणि तरी त्याला ते चित्र हवं होतं. कण पुसला की आरती भर दुपारची होते. चेहरे ओळखून नव्यानं घडवणारी आत्ताची सॉफ्टवेअरं तर याच्याही पुढे जातात. ती गाल गुळगुळीत करून थांबत नाहीत, न दिसलेल्या पापण्या आणि न वाचता आलेली अक्षरं आपल्या मनानं काढून देतात, आणि ती अक्षरं कुठल्या भाषेतली हे त्यांना नक्की ठाऊक असतंच असं नाही.

यानंतरचा आक्षेप मात्र उलट्या दिशेनं येतो आणि तो टाळता येत नाही. कण हा पुरावा, टिंब हा पुरावा, चौकटीवरचं पेन हा पुरावा, तर मग धुळीनंच काय घोडं मारलं? तंबाखूची भुकटी सांगते की डबा निपाणीच्या वखारीशेजारच्या घरात होता, कापसाचा तंतू मागाचं घर सांगतो, गाळ सांगतो की पाणी या कप्प्यापर्यंत आलं होतं. बोटाचा ठसा तर एका माणसाचाच. उत्तर असं देता येईल की कण चित्राबरोबर जन्मला आणि धूळ नंतर येऊन बसली. चित्राच्या बाजूनं बोलायचं तर पहिला साक्षीदार, दुसरी उपरी. म्हणून धूळ उडवायची, पण उडवण्याआधी एकदा, आहे तशा स्लाइडचा साधा स्कॅन घेऊन ठेवायचा. उत्तर कामचलाऊ आहे. ठसा पुसणाऱ्या हाताला ते पुरतं समाधान देत नाही.

कारण काही ठिपके कुठल्याच युक्तीला दाद देत नाहीत. समजा, त्याच बाजारपेठेच्या स्लाइडमध्ये मागच्या बाजूला आणखी एक पाटी आहे, अर्धी झाडाआड, आणि तिच्यावर गावाचं नाव. गा च्या डोक्यावर काहीतरी आहे. दोन्ही स्कॅनमध्ये ते एकाच जागी आहे, म्हणजे यंत्राचं नव्हे. ब्लोअरनं हललं नाही. अवरक्त स्कॅनमध्ये पुसट दिसतं, पण ही स्लाइड कोडॅक्रोमची, तेव्हा त्या साक्षीवर फार भिस्त ठेवता येत नाही. भिंगाखाली ते तपकिरी वाटतं. पाटीचा गंजलेला खिळा असेल, जिलेटिनमध्ये रुतलेली भुकटी असेल, किंवा १९६२ च्या आधी शिकलेल्या एखाद्या रंगाऱ्यानं सवयीनं टेकवलेला ब्रश. स्कॅनरचा दिवा चालू आहे आणि कर्सर त्या ठिपक्यावर येऊन थांबलेला आहे. ती पाटी झाडाआडून नाही तर समोरून पाहिलेलं कुणी पेठेत अजून बसत असेल, दुपारनंतर.